हाडाला मानवेल असा धातू

खुब्याच्या सांध्यात बसवायची थ्रीडी प्रिंट केलेली टायटॅनियमची वाटी हातात घेतली, तर तिच्या दोन बाजू एकाच वस्तूच्या वाटत नाहीत. आतली बाजू गुळगुळीत असते, कारण तिथे पुढे अस्तर बसवायचं असतं. बाहेरची बाजू खरखरीत, बोट फिरवलं तर कातडीला अडकणारी. भिंगातून पाहिलं की कळतं, ही सगळी जाळी आहे. बारीक काड्या एकमेकींत गुंतलेल्या आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची भोकं. ही जाळी नंतर चिकटवलेली नसते, वाटीबरोबरच घडलेली असते. मला बोलायचंय ते या भोकांबद्दल.

थ्रीडी प्रिंटिंगच्या बातम्यांमध्ये भर असतो तो आकारावर, आणि ती गोष्ट मोठीच आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या ८३ वर्षांच्या एका आजींचा खालचा जबडा जंतुसंसर्गाने निकामी झाला होता. त्यांना टायटॅनियमचा अख्खा जबडा छापून बसवला, वजन १०७ ग्रॅम. २०१५ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे एका रुग्णाच्या छातीतली गाठ काढताना छातीचं मधलं हाड आणि बरगड्यांचा भाग काढावा लागला. त्या जागी बसवलेला सांगाडा ऑस्ट्रेलियात छापलेला होता. अशा वेळी सीटी स्कॅनवरून हाडाचा आराखडा करतात. एक बाजू पार चुरडली असेल, तर चांगल्या बाजूचं आरशातलं प्रतिबिंब घेऊन हरवलेला आकार परत मिळवतात. ही कल्पना मला फार आवडते: नमुना रुग्णाच्याच शरीरात असतो.

पण आकार नेमका बसला, तरी दहा वर्षांनी इम्प्लांट घट्ट राहील का, हे ठरतं वेगळ्याच गोष्टीवर.

हाड ही जिवंत वस्तू आहे. काही पेशी जुनं हाड सतत खात असतात, काही नवं रचत असतात. जिथे भार पडतो तिथे रचणाऱ्यांची सरशी होते, जिथे पडत नाही तिथे खाणाऱ्यांची. हाड भाराप्रमाणे स्वतःला बदलतं, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड अंतराळात महिन्याला एक टक्का किंवा त्याहून थोडं जास्त झिजतं, तेही याच कारणाने.

आता या हाडाला लागून धातूचा भरीव तुकडा बसवला असं समजा. हाडाच्या कठीण कवचाचा ताठरपणा साधारण १० ते ३० गिगापास्कल, इम्प्लांटमध्ये वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या घरात, कोबाल्ट-क्रोमचा २०० च्याही वर. दोघांनी मिळून ओझं पेलायचं म्हटलं, की जो जास्त ताठ त्याच्याच खांद्यावर बहुतेक सगळं येतं. हाडाला काम उरत नाही. बिनकामाचं हाड विरळ होत जातं आणि धातू सैल पडतो. म्हणजे धातूचा कणखरपणाच इथे आड येतो.

भोकं कामाला येतात ती इथे. जाळीचा ताठरपणा, ढोबळमानाने, घनतेच्या वर्गाच्या हिशेबाने उतरतो. जाळीत ७० टक्के पोकळी ठेवली, तर धातू उरला ३० टक्के. पण ताठरपणा उरतो फक्त ९ टक्के (०.३ × ०.३ = ०.०९). ११० चे झाले १०. हाडाच्या पंगतीत बसेल असा! धातूवर सच्छिद्र थर चढवण्याच्या पद्धती पूर्वीही होत्या. पण कुठे किती पोकळी, कुठली काडी किती जाड, हे ठरवून घडवता येतं ते छपाईमुळेच.

भोकांचं दुसरं काम म्हणजे हाडाला आत येऊ देणं. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर ती निघेना. हाडाने तिला धरूनच ठेवलं होतं. जाळीत ही पकड आतपर्यंत जाते. मात्र हाडाच्या आधी रक्तवाहिन्या आत शिरायला हव्यात. भोक फार लहान असेल तर त्यांना वाट मिळत नाही, फार मोठं असेल तर नव्या हाडाला एवढी पोकळी सांधता येत नाही. म्हणून काहीशे मायक्रोमीटरचं (हजार मायक्रोमीटर म्हणजे एक मिलिमीटर) माप सोयीचं ठरतं.

छपाई होते केसापेक्षा बारीक कणांच्या भुकटीतून. भुकटीचा पातळ थर पसरायचा, आराखड्यानुसार लेसरने तेवढाच भाग वितळवायचा, वर पुढचा थर. थर ०.०५ मिलिमीटरचा धरला, तर पाच सेंटिमीटर उंचीला हजार थर लागतात. तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजन ओढून ठिसूळ होतं, म्हणून हे सगळं आरगॉन वायूत चालतं. लेसरऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत असेल, तर निर्वातात.

यातल्या अडचणी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. भोकांत अडकलेली भुकटी साफ करणं किचकट असतं. काड्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर बारीक चिरा सुरू होऊ शकतात, आणि चालताना पायावर भार तर लाखो वेळा येतो. जाळीचा मोठा पृष्ठभाग हाडाच्या पेशींना आवडतो तसा जिवाणूंनाही. इम्प्लांट बदलायची वेळ आली, तर आत शिरलेलं हाडही तोडावं लागतं. कर्करोगाच्या रुग्णाची गाठ तर इम्प्लांट तयार होईपर्यंत वाढत राहू शकते. आणि लहान मुलाबरोबर धातू वाढत नाही. साध्या फ्रॅक्चरला नेहमीची प्लेट किंवा रॉड पुरते. तिथे खास छापलेल्या इम्प्लांटचा आग्रह धरणं मला योग्य वाटत नाही. मोठा तुकडा गेला असेल, किंवा खुबा दोन-तीनदा बदलून बसवायला हाडच शिल्लक नसेल, तिथे मात्र याला तोड सापडणं कठीण.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, मग दर काही वर्षांनी एक्स-रे काढतात. डॉक्टर तेव्हा पाहत असतात ती धातूची कड. तिच्या आणि हाडाच्या मध्ये काळसर रेघ असेल, तर तिथे पोकळी किंवा मऊ पेशीजाल आहे. ती रेघ वाढत गेली की इम्प्लांट सैल होत असल्याची शंका घ्यायची. रेघ नसेल आणि हाडाचा पांढरेपणा थेट जाळीला येऊन भिडला असेल, तर हाड आत शिरल्याचं ते चांगलं लक्षण.