जुन्या रेसिंग गाडीचे शॉकॲब्सॉर्बर: आधी ओळख, मग दुरुस्ती

आमच्याकडे येणारे जुने शॉकॲब्सॉर्बर पुष्कळदा वायर ब्रशने घासून, वर ताजा रंग मारून आणलेले असतात. हेतू चांगलाच असतो. पण हा पुढच्या चाकाचा की मागच्या, कोणत्या मॉडेलचा, आतले व्हॉल्व्ह कोणत्या मापाचे, हे सांगणारा पंच केलेला नंबर त्या घासण्यात आणि रंगात जातो. म्हणून पहिली विनंती अशी की माल जसा निघाला तसाच, मळासकट आणा. साफ करायचाच असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. सँडब्लास्टिंग तर अजिबात नको.

तुमच्या हातात काय आहे?

दोन दांडे कात्रीसारखे उघडमीट होतात, मध्ये चकत्यांची थप्पी आणि एक मोठा नट आहे, तर तो घर्षणावर चालणारा शॉकॲब्सॉर्बर. ही कल्पना फ्रान्समधल्या ट्रूफो यांची. अमेरिकेत हार्टफोर्डने आणि इंग्लंडमध्ये आंद्रेने ती बाजारात आणली, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या कितीतरी रेसिंग गाड्यांवर हेच बसवलेले होते. यात तेल नसते.

गोल डबा आणि त्यातून निघालेला एकच दांडा दिसला तर तो हूडायसारखा, आत पंखे फिरवून तेल ढकलणारा प्रकार असू शकतो. १९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्ड मॉडेल ए गाड्यांवर तो होता. आर्मस्ट्राँग आणि गर्लिंगचे दांडेवाले शॉकॲब्सॉर्बर दिसायला जवळचे, पण आत पिस्टन असतात आणि ओतीव बॉडी चॅसीला बोल्टने बसते. एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या बाजूला याचा दांडा हाच वरचा विशबोन, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा आडवा दांडाही असतो. त्यामुळे शाफ्टचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती बारीक नळी, झिजली की नुसते तेल गळत नाही, चाकाचा कॅम्बर म्हणजे आत-बाहेरचा कलही हलायला लागतो. अशा गाडीचे हँडलिंग बिघडले असेल तर आम्ही आधी तिथेच हात लावून बघतो.

नळीसारखे शॉकॲब्सॉर्बर दोन जातींचे. दुहेरी नळीचा उलटा धरून दाबलात तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरते आणि तो पोकळ चालतो, म्हणून त्याचे वर-खाली पक्के ठरलेले असते. एकेरी नळीच्या जातीत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो. फ्रेंच संशोधक द कार्बों यांची ही रचना पुढे बिल्स्टीनने मोठ्या प्रमाणावर बनवली. ती उलटीही बसवता येते. या जातीच्या नळीला ड्रिल, वेल्डिंग किंवा आच कधीही लावू नका. गाडी जुनी झाली तरी आतला दाब टिकून असू शकतो.

मापे घेताना

नंबर वाचता आला नाही तर मापांवरून बरेच कळते. पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून एका टोकाच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो त्या कडीच्या) मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, रॉडचा व्यास, बुशच्या भोकाचा व्यास ही मापे मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. यातली ओढलेली लांबी लोक हमखास विसरतात. चाक खाली लोंबकळत असताना शॉकॲब्सॉर्बर सस्पेन्शनच्या आधीच संपत असेल, तर चाकाचा सगळा भार त्या रॉडवर येतो आणि डोळ्याजवळचे वेल्डिंग तुटते.

परत वापरता येईल का?

घर्षणाच्या जातीचे उत्तर बहुधा हो असे असते. एक दांडा शिकंजात धरा, दुसऱ्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि सावकाश ओढा. दांडा हलायला लागतो त्या क्षणीचा आकडा लिहा. एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचा आकडा सारखा हवा, आणि हालचाल झटक्याने नव्हे, सलग व्हायला हवी. झटके येत असतील तर चकत्यांवर तेल किंवा गंज आहे. चकत्या घरी पॉलिश पेपरने घासू नका, काही जुन्या चकत्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असते.

तेलाच्या नळीवाल्याला उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आडवा ठेवल्यामुळे शिरलेली हवा निघेल. त्यानंतरही दिशा बदलताना क्षणभर रिकामे लागले तर आतला व्हॉल्व्ह किंवा तेल गेले आहे. हाताची परीक्षा खराब माल ओळखते, चांगल्याची खात्री देत नाही. ट्रॅकवर रॉड ज्या वेगाने धावतो त्याच्या जवळपासही हात जात नाही. म्हणून आम्ही प्रत्येक नग यंत्रावर चालवतो, दाबतानाचा आणि सुटतानाचा जोर वेगवेगळ्या गतींना मोजतो, आणि जोडीचे आलेख एकमेकांवर ठेवून बघतो.

रॉडवर नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा सीलच्या मार्गात असेल तर नवे सीलही लवकर कापले जाईल. असा रॉड हार्ड क्रोम करून ग्राइंड करता येतो, मात्र क्रोमनंतर तो लगेच भट्टीत तापवून पोलादात शिरलेला हायड्रोजन काढावा लागतो, नाहीतर कडक रॉड भाराखाली अचानक तुटू शकतो. हे काम कुठेही करून घ्या, पण भट्टीबद्दल जरूर विचारा. दुहेरी नळीच्या बाहेरच्या कवचाला बारीक पोचा असेल तर तो बहुधा चालतो. एकेरी नळीत पिस्टन थेट त्याच भिंतीवर घासतो, म्हणून तिथे पोचा आला की ती नळी बाद. डोळ्याच्या वेल्डिंगला तडा असेल तर कोणत्याही जातीचा नग आम्ही परत बसवत नाही.

सील, बुश आणि तेल आम्ही नेहमी नवे घालतो. दांडेवाल्या जातीत ब्रेक ऑइल किंवा हाताशी असलेले इंजिन ऑइल भरू नका. गाडी ऐतिहासिक शर्यतींत उतरणार असेल तर आधी सांगा. एफआयए या मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिशिष्ट 'के' प्रमाणे गाडी तिच्या काळातल्या रचनेची असावी लागते, म्हणून दांडेवाल्याच्या जागी नळीवाला सुचवण्यापूर्वी आम्ही गाडीचे तांत्रिक कागद बघतो. जुन्या बॉडीत आतला जो भाग बदलू त्याची लेखी नोंद देतो आणि काढलेला भाग पिशवीत घालून परत करतो.

उतरवताना प्रत्येक नगाला गाडीच्या कोपऱ्याचे नाव (पुढचा डावा, मागचा उजवा असे) लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधा. वॉशर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा. ॲडजस्टर (शॉकॲब्सॉर्बरचा जोर कमीजास्त करायचा स्क्रू किंवा नॉब) असेल तर तो आहे त्याच जागी राहू द्या; शेवटच्या चालकाने कुठे ठेवला होता ते आम्हाला मोजायचे असते. दुहेरी नळीचे नग रॉड वर करून, उभेच पॅक करा.