बागेचा लाल आणि समुद्राचा लाल

काटोलच्या एका बागायतदार काकांनी परवा मोबाइल पुढे केला. अरबी समुद्राचा उपग्रह नकाशा, ओमानच्या बाजूला लालभडक पट्टा. "आमच्या बागेच्या नकाशात लाल म्हणजे झाडं वाळली. मंग इथं काय मेलं?"

मेलं काहीच नव्हतं. तिथे वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, हरितद्रव्य असलेल्या सूक्ष्म जीवांची दाटी झाली होती.

एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा मोजणारा आकडा, आपल्याकडच्या बागायतदारांना सांगायला नको: हिरवं ते जोमदार, लाल ते सुकलेलं. समुद्राच्या नकाशातले रंग मात्र आकडा दाखवतात, एका घनमीटर पाण्यात किती मिलिग्रॅम हरितद्रव्य आहे तो. जांभळा-निळा सर्वांत कमी, लाल सर्वांत जास्त. त्यामुळे 'समुद्र लाल झाला' म्हणून हे नकाशे कृपा करून पुढे पाठवू नका, फार त्रास होतो. हिवाळ्याच्या शेवटी तिथे नॉक्टिलुका या प्लवकाचा बहर येतो तेव्हा पाणी हिरवं दिसतं. आणि हा बहर संत्र्याच्या आंबिया-मृग बहरासारखा फुलांचा नसतो. पेशी भराभर वाढतात, एवढंच.

खरी गफलत पुढे आहे. दोन्हीकडे हरितद्रव्यच, मग मोजायची रीतही एकच असणार, असं लोक धरून चालतात. संत्र्याचं पान लाल उजेड शोषतं आणि निअर इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड, जोरात परत फेकतं; एनडीव्हीआयचा सगळा जीव त्या फरकात. पाणी तोच निअर इन्फ्रारेड गिळून टाकतं, म्हणून खोल, स्वच्छ समुद्र उजेडाच्या त्या पट्ट्यात जवळजवळ काळा असतो. तिथे निळ्या आणि हिरव्या उजेडाचं गुणोत्तर बघावं लागतं. प्लवक वाढले की निळा शोषला जातो, हिरव्याचा वाटा वाढतो. हा उजेडही इवलासा. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या निळ्या उजेडातला ८० ते ९० टक्के हवेनेच विखुरलेला असतो. तो वजा करायला पुन्हा इन्फ्रारेडच कामी येतो! पाणी तिथे काळं, म्हणजे जे दिसतं ते हवेचं. बागेत पिकाची खबर देणारा पट्टा समुद्रावर हवेची खबर देतो. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

१९९९ च्या ओशनसॅट-१ या भारतीय उपग्रहावरच्या ओशन कलर मॉनिटरला, म्हणजे समुद्राचा रंग मोजणाऱ्या उपकरणाला, उजेडाचे असे ८ पट्टे होते, २०२२ च्या ओशनसॅट-३ वर १३ आहेत. अशा नकाशांवरून आणि पाण्याच्या तापमानावरून हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्री माहिती केंद्र मच्छीमारांना मासळीच्या जागा कळवतं.

नागपूरच्या अंबाझरी तलावावरच्या जलपर्णीला एनडीव्हीआय चालतो, कारण तिची पानं पाण्याबाहेर असतात. खंबातच्या आखातात मात्र लाल दिसलं तरी लगेच प्लवक समजू नका. तिथल्या गाळामुळे पाणी इन्फ्रारेडमध्येही काळं राहत नाही, आणि हवेची वजाबाकीच चुकते.