लिमाच्या बाजारात आल्याला 'कियोन' का म्हणतात?

पेरूची राजधानी लिमा. तिथे बाजारात आलं हवं असेल तर 'कियोन' मागायचं. बाकी स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आल्याला 'हेंहिब्रे' म्हणतात, मग हा कियोन आला कुठून? दक्षिण चीनमधल्या कँटोनीज भाषेतून! सोया सॉसचंही तेच, पेरूत तो 'सियाओ', कँटोनीजमध्ये 'सी याउ'. आणि फ्राइड राइस म्हणजे 'चाउफा', मूळ शब्द 'चाउ फान', परतलेला भात. आपला 'चहा' पण चीनमधूनच आलाय की. वस्तू ज्याच्या हातून येते त्याचाच शब्द चिकटतो, आणि कागदपत्रांत नसलेला इतिहास अशा शब्दांत सापडतो, मला तर भाषाशास्त्रातलं हे सगळ्यात भारी वाटतं.

१८४९ ते १८७४ या काळात साधारण १ लाख चिनी मजूर पेरूत नेले गेले. ८ वर्षांचा करार, काम उसाच्या मळ्यात नाहीतर बेटांवर पक्ष्यांची विष्ठा खणायची, ती खत म्हणून युरोपात जायची. हाल गुलामांसारखेच. करारात तांदळाचा शिधा मात्र असायचा, आणि सुटका झाल्यावर बरेच जण लिमात येऊन छोट्या खानावळी चालवायला लागले.

तिथूनच 'लोमो साल्तादो' हा परतलेल्या बीफचा पदार्थ आला. लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवायची, बीफच्या पट्ट्या थोड्या-थोड्याच टाकायच्या, कारण एकदम टाकल्या की पाणी सुटतं, कढई थंड पडते आणि मांस भाजायच्या ऐवजी उकडतं. पाणी पटकन उडालं की पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जातो आणि प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या मायार रिअ‍ॅक्शनमुळे तो खरपूस तपकिरी वास येतो. मग कांदा, टोमॅटो, तिथली पिवळी मिरची, सियाओ. आणि ताटात भात पण आणि तळलेला बटाटा पण! भात चिनी माणसाचा, बटाटा अँडीज पर्वतातला, दोघांपैकी कोणीच आपलं सोडलं नाही.

पण जेवण आवडलं म्हणून माणसं लगेच आपली झाली असं नाही हो. १९०९ मध्ये लिमाच्या महापौरांनी चिनी वस्तीतली ओतायसा नावाची अख्खी चाळच पाडून टाकली, लोक रस्त्यावर आले. पुढे १९२० च्या दशकात त्याच भागात, कापोन गल्लीत, चिनी हॉटेलं उभी राहिली आणि शहरातले श्रीमंत तिथे जेवायला यायला लागले. त्या हॉटेलांना 'चीफा' म्हणतात, चिनीत 'ची फान' म्हणजे जेवण करणे, शब्दशः भात खाणे.

आज सर्दी झाली की लिमातली आजी कियोन उकळून ते गरम पाणी प्यायला देते, तिच्या घराण्यात कधी कोणी चिनी नसलं तरी.