ओस्लोमार्कातील स्की-वाटा

नॉर्वेची राजधानी ओस्लो हिच्याभोवती पसरलेल्या ओस्लोमार्का या जंगलपट्ट्यात हिवाळाभर राखले जाणारे स्की-वाटांचे जाळे. स्की म्हणजे बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधायच्या लांब, अरुंद पट्ट्या. या वाटांवर चालते ते क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने घसरत येणे नव्हे. सपाटी, चढ आणि उतार असे तिन्ही पार करत, पायांच्या आणि हातातल्या काठ्यांच्या जोराने बर्फावरून केलेला तो लांबचा प्रवास असतो. या जाळ्याची एकूण लांबी सुमारे २,६०० किमी सांगितली जाते. एका राजधानीच्या उंबरठ्याशी एवढी मोठी आणि सर्वांना फुकट खुली अशी व्यवस्था असणे ही असामान्य गोष्ट आहे.

‘मार्का’ म्हणजे वस्तीबाहेरची, नांगराखाली न आलेली जमीन. उत्तरेकडचे नॉर्डमार्का हा या पट्ट्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लाडका भाग. त्याखेरीज लिल्लोमार्का, ऑस्टमार्का, वेस्टमार्का, बारुम्समार्का, क्रोकस्कोगेन असे इतर भाग आहेत. सगळीकडे मुख्यतः स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची गर्द झाडी, मध्ये तळी आणि दलदली. उंची फार नाही; नॉर्डमार्कातले सर्वोच्च टोक ७१७ मीटरवर आहे. उन्हाळ्यात जिथे पाऊल रुतते ती दलदल आणि जिथे वळसा घालावा लागतो ते तळे, गोठल्यावर दोन्ही सरळ सपाट रस्ते होतात. म्हणून हिवाळ्याची वाट ही उन्हाळी पायवाटेवर बर्फ पडून झालेली वाट नसते, तिचा मार्गच पुष्कळदा निराळा असतो. झाडांवरच्या खुणाही त्यामुळे दोन रंगांच्या: पायवाटेला निळी, स्की-वाटेला लाल. उन्हाळ्यात लाल खुणांच्या मागे गेलेला माणूस चिखलात जाऊन उभा राहतो तो याच कारणाने.

स्की हा शब्द प्राचीन नॉर्सभाषेतल्या ‘चिरलेले लाकूड’ या अर्थाच्या शब्दावरून आला. नॉर्वेत त्याचा उच्चार ‘शी’ असा करतात. येथील वाटांची देखभाल मुख्यतः शीफोरेनिंगेन ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था करते. सभासदांची वर्गणी, सार्वजनिक निधी आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर हे काम चालते. सभासद नसलेल्यालाही वाट तितकीच मोकळी असते.

जंगलाचा मोठा हिस्सा खाजगी मालकीचा आहे, आणि तरीही कुठे फाटक नाही, तिकीट नाही. याचे मूळ ‘आलेमान्सरेत्तेन’ या जुन्या रूढ हक्कात आहे. आलेमान्सरेत्तेन म्हणजे सर्वांचा हक्क: पडीक जमिनीवरून व जंगलातून कोणीही, कोणाचे नुकसान न करता, हिंडावे. १९५७ च्या कायद्याने त्याला लेखी रूप दिले. त्यात एक खास हिवाळी तरतूद आहे. जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असेल तर लागवडीच्या शेतातूनही जाता येते, मात्र घराच्या अंगणातून नाही, आणि ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात नाही. म्हणजे पीक झोपलेले असते तेवढ्यापुरता बांध मिटतो. पुढे २००९ मध्ये आलेल्या मार्का कायद्याने जंगलाची सीमा पक्की केली व तिच्या आत बांधकामाला मोठ्या प्रमाणावर मनाई केली. वाढत्या शहराच्या कडेला ही जमीन मोकळी राहिली याचे बरेचसे श्रेय या दोन कायद्यांना द्यायला हवे.

वाटांपर्यंत पोचण्याचे साधन म्हणजे शहरी रेल्वे. होल्मेनकोलेन टेकडीकडे जाणारी लाइन १८९८ मध्ये सुरू झाली आणि १९१६ मध्ये फ्रॉग्नरसेतेरेनपर्यंत वर गेली. हे स्थानक समुद्रसपाटीपासून ४६९ मीटरवर आहे, त्यामुळे खाली बंदरावर पाऊस पडत असताना वर कोरडा बर्फ असू शकतो. डब्यात कामावर जाणाऱ्यांच्या शेजारी खांद्याला स्की टेकवून बसलेली माणसे दिसणे हे इथले रोजचे दृश्य. १९७३ च्या तेलटंचाईत आठवड्याअखेरीस खाजगी गाड्या चालवण्यावर बंदी आली, तेव्हा १६ डिसेंबरला राजे पाचवे ओलाव्ह स्की घेऊन याच रेल्वेने निघाले. तिकिटाचे पैसे पुढे करत असलेल्या राजाचे तेव्हा टिपलेले छायाचित्र नॉर्वेत आजही सर्वांना ठाऊक आहे.

वाट ‘घालणे’ हे रात्रीचे काम. साखळीपट्ट्यांवर चालणारे जड यंत्र पुढच्या पात्याने उंचवटे कापते आणि मागच्या फिरत्या दात्यांनी बर्फ कुटून बारीक करते. त्यामागे असलेले साचे दोन पायांच्या स्कींसाठी दोन समांतर खाचा दाबत जातात. कुटलेले कण एकमेकांना चिकटून घट्ट व्हायला काही तास लागतात. लगेच कोणी गेले तर खाचेच्या कडा ढासळतात, म्हणून यंत्र मध्यरात्री आणि माणसे सकाळी. पहाटे पहिल्याने गेलेल्याला कातीव कडांची, चिरेबंद खाच मिळते. दुपारपर्यंत तीच खाच चकचकीत आणि निसरडी झालेली असते.

पूर्वी खाचांची जोडी एवढीच वाट असे. १९८२ मध्ये बिल कोक या अमेरिकन खेळाडूने स्केटिंगसारखे पाय बाहेर फेकण्याची पद्धत वापरत विश्वचषक जिंकला आणि ती झपाट्याने पसरली. या पद्धतीला खाच नको, रुंद सपाट पट्टा हवा. त्यामुळे मुख्य वाटा रुंदावल्या: मध्ये स्केटिंगचा पट्टा, कडेला पारंपरिक शैलीच्या, म्हणजे पाय सरळ पुढे नेत जाण्याच्या, खाचा. आतल्या अरुंद वाटांवर मात्र अजून स्नो-स्कूटरने ओढलेली एकच जोडी असते, आणि जंगलाची शांतता अनुभवायची तर त्याच वाटा धराव्यात.

पारंपरिक शैलीचे सारे गुपित स्कीच्या मधल्या कमानीत आहे. वजन दोन्ही पायांवर असताना कमान बर्फाला टेकत नाही, स्की घसरते. एका पायावर पूर्ण भार दिला की कमान दबते, तिच्यावर चोळलेले मेण बर्फाच्या कणांत रुतते आणि क्षणभर पकड मिळते. थंड बर्फाचे कण टोकदार असतात, त्यांना कडक मेण चालते. ओल्या, गोल झालेल्या कणांना मऊ मेण लागते. डब्यांचे रंग हा क्रम सांगतात: हिरवे, निळे, जांभळे, लाल, आणि वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फासाठी क्लिस्टर नावाचा चिकट लेप. निवड एका रंगाने चुकली तरी चढावर पाय मागे सरकतो किंवा तळाशी बर्फाचे गोळे चिकटतात. ज्यांना ही कटकट नको ते हल्ली मधल्या भागात केसाळ पट्टी बसवलेली स्की घेतात.

जाळ्याचे खरे स्वरूप कळते ते नॉर्डमार्का उत्तर-दक्षिण ओलांडताना. रेल्वेने उत्तरेकडच्या स्ट्रिकेन स्थानकावर उतरायचे आणि दिवसभर शहराकडे यायचे. वाटेत गोठलेली तळी, मग ब्यॉर्नशोएन तळ्याकाठचे किकुट हे विसाव्याचे ठिकाण, पुढे उल्लेवोलसेतेर. ‘सेतेर’ म्हणजे उन्हाळ्यात गुरे नेण्याचा कुरणवाडा. जंगलात पूर्वी चालणाऱ्या गुराख्यांच्या वहिवाटीची खूण या नावांत उरली आहे. वाटेत गरम पेय आणि दालचिनीचा पाव मिळतो. शेवटच्या टप्प्यात सोंग्सवान तळ्याजवळ दिव्यांच्या वाटा सुरू होतात. डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनच्या आतच अंधारत असल्याने हे दिवे गरजेचेच असतात. वाटेचे नियम थोडेच: उजवी बाजू धरावी, उतरणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, पायी चालणाऱ्याने खाच तुडवू नये. तळ्यावरची वाट आखलेली नसेल तर बर्फाच्या जाडीची खात्री झाल्याशिवाय ते ओलांडू नये.

अलीकडे हिवाळे ऊबदार होत आहेत आणि सखल भागात बर्फ टिकण्याचे दिवस घटत आहेत. शहराकडच्या काही छोट्या फेऱ्यांवर तोफांनी कृत्रिम बर्फ टाकून हंगाम सांभाळला जातो. त्याला पाणी, वीज आणि शून्याखालची थंडी लागते, त्यामुळे तो काही किलोमीटरांपुरताच पुरतो. किकुटच्या पलीकडच्या वाटा पूर्वीप्रमाणे आभाळातून पडणाऱ्या बर्फावरच चालतात.