हवामान पाहायला ड्रोन घेताय? पैसे देण्याआधी हे कागद तपासा

आमच्या तालुक्यातल्या पोरांचे ड्रोन नोंदणीचे अर्ज भरून देताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ड्रोन आधी येतो, चौकशी मागून. हेतू चांगलाच असतो. गारपीट झाली की कुठली वावरं झोडपली ते वरून दिसावं, तूर फुलावर असताना धुई कुठवर पसरली ते कळावं, नाल्याचं पाणी कोणत्या बांधावरून शिरतं ते टिपावं. पण अर्ज अडतो, आणि तो का अडला हे सरकारी पोर्टल धड सांगत नाही. म्हणून जिथं हमखास अडतं तेवढंच इथं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट वजनाची. ड्रोन नियम 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर 2 किलोपर्यंतचा मायक्रो. हे वजन उडतानाचं, म्हणजे बॅटरी, पंख्यांचे गार्ड, वर चिकटवलेला सेन्सर, सगळं धरून. खोक्यावर 249 ग्रॅम छापलंय म्हणून निर्धास्त राहिलेल्या मुलानं मोठी बॅटरी लावली की त्याचा ड्रोन मायक्रो झाला. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहा, एवढं सोपं आहे ते.

नॅनोला सूट आहे हे सगळ्यांना माहीत असतं, कशातून सूट आहे ते कुणी वाचत नाही. टाइप सर्टिफिकेट (म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली मान्यता), पायलट सर्टिफिकेट आणि तृतीय पक्ष विमा यांतून सूट आहे. नोंदणीतून नाही. युआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, नॅनोलाही घ्यावाच लागतो. अर्ज डी-2, शुल्क 100 रुपये. पूर्वी हे काम डिजिटल स्काय पोर्टलवर होत असे, आता डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, इ-जीसीए पोर्टलवर होतं. जुने व्हिडिओ पाहून जुन्याच पोर्टलवर चकरा मारणारे खूप भेटतात.

आता सगळ्यात जास्त पैसे बुडतात ती जागा. नॅनोपेक्षा मोठ्या ड्रोनची नोंदणी करायची तर त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट असावं लागतं. ते कंपनीनं घ्यायचं असतं, तुम्हाला ते मिळवता येत नाही. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. सरकारी, संरक्षण आणि संशोधनाच्या कामांपुरतीच सवलत आहे. त्यामुळं आखातात कामाला असलेल्या भावानं बॅगेत आणलेला, किंवा शहरातल्या दुकानदारानं बिलाशिवाय स्वस्तात दिलेला झकास कॅमेऱ्याचा ड्रोन कागदावर येतच नाही. दुकानदार 'सर्टिफाइड आहे' म्हणतो आणि भलताच कागद दाखवतो. त्याला टाइप सर्टिफिकेटचा क्रमांक मागा. त्यातलं मॉडेलचं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, आणि मगच पैसे द्या. कापसाच्या चुकाऱ्यातून जमवलेले पैसे अशा डब्यात अडकलेले पाहिले की फार वाईट वाटतं.

नोंदणीत ड्रोनचा, त्याच्या फ्लाइट कंट्रोलरचा (उड्डाण सांभाळणाऱ्या भागाचा) आणि रिमोटचा असे वेगवेगळे अनुक्रमांक लागतात. दुरुस्तीत रिमोट किंवा कंट्रोलर बदलला, तर 7 दिवसांत पोर्टलवर तो बदल नोंदवावा लागतो. गावातल्या कारागिरानं भाग बदलून दिला आणि नोंद राहिली, असं सर्रास होतं.

पायलट सर्टिफिकेटबद्दल गैरसमज दोन. नॅनो उडवायला आणि बिगरव्यावसायिक कामासाठी मायक्रो उडवायला ते लागत नाही. पण शेतकरी उत्पादक कंपनीनं फेरीमागे पैसे दिले, किंवा तुम्ही शेजाऱ्याकडून वावराच्या पाहणीचे पैसे घेतले, की ते काम व्यावसायिक झालं. मग वय 18 ते 65, दहावी पास आणि डीजीसीएनं मान्यता दिलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण हवं. आणि पासपोर्ट नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर खचून जाऊ नका. सप्टेंबर 2023 च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना यांसारखा सरकारी पुरावा चालतो. दोन वर्षं उलटून गेली तरी 'पासपोर्ट आणा' म्हणणारे आहेतच, आणि खेड्यातल्या पोराला ते ऐकून निम्मा उत्साह तिथंच गमवावा लागतो. खरी अडचण नावाची असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव गाळलेलं. प्रशिक्षणाचे पैसे भरण्याआधी सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. मिळालेलं सर्टिफिकेट 10 वर्षं चालतं.

कुठं उडवता येईल, याचं उत्तर मात्र डिजिटल स्कायच्याच नकाशात आहे. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये ही मर्यादा 200 फूट आहे, त्याहून वर किंवा 8 किलोमीटरच्या आत जायचं तर परवानगी लागते. लाल भागात केंद्राची परवानगी असल्याशिवाय उडवायचंच नाही. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून प्रवासी विमानं सुरू झाली, तेव्हा त्या बाजूच्या गावांनी जुन्या सवयीवर जाऊ नये. पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळच्या, भद्रावतीच्या आयुध निर्माणीजवळच्या लोकांनीही नकाशा उघडूनच ठरवावं. मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा यांच्या आसपास वनविभागाची लेखी परवानगी हवी. गडचिरोलीत आधी पोलीस ठाण्यात जा.

कालचा नकाशा आजही तसाच असेल असं समजू नका. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो; मंत्र्यांचा दौरा, यात्रा, तणाव, काहीही कारण असू शकतं. उड्डाणाआधी नकाशा पाहणं नियमानंच बंधनकारक आहे. नियम मोडला तर दंड 1 लाख रुपयांपर्यंत.

आता कागदापलीकडची, मला जास्त काळजी वाटते ती गोष्ट. आभाळ काळं झालं की ढगांची फळी टिपायला पोरं धुऱ्यावर धावतात. पाऊस यायच्या आधीच ढगातून निसटलेला गार वारा जमिनीलगत पुढं धावत येतो. छोटे कॅमेरा ड्रोन साधारण सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वाऱ्यापर्यंत तग धरतात, आणि वादळातले झोत ही मर्यादा सहज ओलांडतात. खाली झाडाची पानंही हलत नसतात तेव्हा वर 100 मीटरवर जोराचा वारा असू शकतो. ड्रोन गेला तर गेला. पण उघड्या वावरात मान वर करून उभा राहिलेला माणूस विजेला सापडतो. गडगडाट कानावर आला की ड्रोन उतरवा आणि पक्क्या घरात जा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आजूबाजूच्या 20 आणि 40 किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं, ते फोनमध्ये ठेवा. वादळ किती दूर, कुठं सरकतंय, हे नागपूरच्या हवामान केंद्राचं रडार सांगतं. त्यासाठी ड्रोन लागत नाही. ड्रोनचं काम आभाळ निवळल्यावरचं.

मे महिन्यातही सांभाळा. बऱ्याच छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत 40 अंशांची मर्यादा असते आणि आपल्याकडं पारा 45 च्या पुढं जातो. सकाळी लवकर उडवा, बॅटरी गाडीत तापत ठेवू नका. ड्रोनच्या पडद्यावर दिसणारं तापमान त्याच्या बॅटरीचं किंवा यंत्राचं असतं, हवेचं म्हणून ते वहीत लिहू नका. धुईचे फोटो उपयोगी पडावेत असं वाटत असेल तर रोज त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच वेळी घ्या. मात्र धुक्यात शिरू नका, ड्रोन डोळ्यांना दिसलाच पाहिजे. अपघात झाला तर 48 तासांत पोर्टलवर कळवायचं, आणि ही मुदत अपघाताच्या घटकेपासून मोजायची.

शेवटचा मुद्दा नुकसानीचा. वरून काढलेला फोटो पंचनाम्याची जागा घेईल असं धरून चालू नका. सरकारी मदतीसाठी किमान 33 टक्के नुकसान पंचनाम्यात यावं लागतं, आणि तो सहसा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येऊन करतात. 'आमच्याकडं ड्रोनचा व्हिडिओ आहे' म्हणून कुणी पंचनाम्याच्या दिवशी घरी बसू नये. फोटो छापून घ्या, मागं तारीख, वेळ आणि गट क्रमांक लिहा, साध्या अर्जाला जोडून तलाठ्याकडं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.