आयरिश फिडल आणि कागदावरची धून

व्हायोलिन आणि फिडल हे वाद्य एकच. फरक वाजवण्यात आणि शिकण्यात. आयर्लंडमध्ये नाचाच्या धुना पिढ्यानपिढ्या कानानेच उचलल्या गेल्या. कागदाचा नाद बहुधा बाहेरच्यांना किंवा घर सोडून गेलेल्यांना लागला.

१७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरला. तिथे धुना टिपून घ्यायचं काम एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला दिलं होतं. १७९६ मध्ये त्याचा संग्रह निघाला, पण पियानोसाठी बांधलेला, म्हणजे दिवाणखान्याच्या सोयीचा.

नाचाच्या संगीताचा मोठा संग्रह झाला तो थेट शिकागोत. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेला फ्रान्सिस ओनील १९०१ ते १९०५ या काळात तिथला पोलीसप्रमुख होता. (वाजवणाऱ्या आयरिश मंडळींना तो पोलिसात चिकटवायचा, असं सांगतात. याहून चांगला भरतीचा निकष मला तरी ठाऊक नाही.) त्याच्या डोक्यात शेकडो धुना होत्या, पण स्वरलेखन येत नव्हतं. मग तो वाजवून दाखवायचा आणि खात्यातलाच फिडलवादक जेम्स ओनील लिहून घ्यायचा. १९०३ च्या संग्रहात १,८५० धुना होत्या. १९०७ च्या दुसऱ्या संग्रहात फक्त नाचाच्या १,००१. वादकांत ते पुढे नुसतं ‘द बुक’ झालं.

पण ‘बुक’ समोर ठेवून रील (नाचाच्या धुनेचा एक जलद प्रकार) वाजवली की ती शाळेच्या कवायतीसारखी वाटते. कागदावर सगळे स्वर सारख्या लांबीचे दिसतात, वाजवताना तसे नसतात. गज कुठे उलटायचा, ‘रोल’ (स्वराभोवतीची झटपट सजावट) कुठे घ्यायचा, दुसऱ्या फेरीत काय बदलायचं, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांवरून बंदिश पाठ केलेल्यांना हा अनुभव वेगळा सांगायला नको.

कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या पॉड्रिग ओकीफने (१८८७–१९६३) यातून स्वतःची वाट काढली. शाळामास्तरकी सुटल्यावर तो घरोघर फिरून फिडल शिकवू लागला. शिष्यांना नोटेशन वाचता येत नसे, म्हणून त्याने पाच रेषांमधल्या चार फटी म्हणजे चार तारा असं ठरवलं आणि फटीत बोटांचे आकडे लिहिले. शून्य म्हणजे मोकळी तार. ताल आणि ढंग मात्र समोर बसून ऐकायचा. कागद मास्तर गेल्यावर आठवण्यापुरता.

१९२० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या आयरिश फिडलवादक मायकल कोलमनच्या तबकड्यांनी कानाला पुन्हा मान मिळवून दिला. लोक त्याची फिरत जशीच्या तशी उचलू लागले. पुढे १९९० च्या दशकात ख्रिस वॉलशॉची ‘एबीसी’ लिपी आली. यात स्वर साध्या अक्षरांत टाइप करता येतात. ओनीलच्या १,८५० धुनाही हौशी लोकांनी त्या अक्षरांत उतरवून काढल्या. आता एकाच रीलचे पाच-सहा पाठ शेजारी शेजारी सापडतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नवशिका विचारतो, यातला खरा कुठला?