विंडरश प्रकरण

विंडरश प्रकरण : ब्रिटनमध्ये राहण्याचा कायदेशीर हक्क असलेल्या, मुख्यतः कॅरिबियन बेटांतून बालपणी आलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना कागदपत्रांअभावी बेकायदा स्थलांतरित ठरवून नोकरी, घर व औषधोपचार यांना मुकवल्याचे, तसेच काहींना स्थानबद्ध करून देशाबाहेर धाडल्याचे प्रकरण. नोव्हेंबर २०१७ पासून ‘द गार्डियन’ या दैनिकात आलेल्या बातम्यांनी ते उघडकीस आले आणि एप्रिल २०१८ मध्ये संसदेत गाजले. इंग्रजी नावाचे सरळ भाषांतर ‘विंडरश घोटाळा’ असे होईल. पण मराठीत घोटाळा म्हटले की पैशांची अफरातफर डोळ्यांपुढे येते, म्हणून येथे ‘प्रकरण’ हा शब्द योजला आहे.

नाव : हे नाव ‘एम्पायर विंडरश’ या जहाजावरून पडले. जहाज मूळचे जर्मन. हॅम्बुर्गच्या गोदीत बांधलेले हे जहाज १९३० मध्ये ‘मोंटे रोझा’ या नावाने पाण्यात उतरले, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांच्या हाती पडले आणि १९४७ मध्ये त्याला टेम्स नदीला मिळणाऱ्या एका लहानशा नदीचे नाव मिळाले. २१ जून १९४८ रोजी ते लंडनजवळच्या टिलबरी बंदरात आले. उतारू दुसऱ्या दिवशी उतरले. त्यामुळे काही ग्रंथांत २१, तर काहींत २२ तारीख आढळते. स्मृतिदिन म्हणून २२ जून पाळतात.

उतारूंच्या संख्येबद्दल मतभेद आहेत. त्या काळच्या वृत्तपत्रांनी ४९२ हा आकडा छापला आणि पुढे तो एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिला. जहाजाच्या उतारू-यादीत मात्र १,०२७ नावे असून त्यांपैकी ८०२ जणांनी आपले शेवटचे वास्तव्य कॅरिबियन प्रदेशात असल्याचे सांगितले होते. मेक्सिकोतून चढलेले ६६ पोलिश लोकही याच जहाजावर होते, हे सहसा सांगितले जात नाही. ८०२ हा आकडा अधिक भरवशाचा दिसतो. मात्र तोही शेवटच्या वास्तव्याचा आहे, जन्मस्थानाचा किंवा वर्णाचा नव्हे. ‘युद्धोत्तर स्थलांतराचे पहिले जहाज’ हे वर्णनही काटेकोर नाही. ‘ओर्मोंड’ आणि ‘अल्मान्झोरा’ ही जहाजे १९४७ मध्येच कॅरिबियन उतारू घेऊन अनुक्रमे लिव्हरपूल व साउदॅम्प्टन येथे लागली होती. टिलबरीला चलच्चित्र-वार्तापटाचे कॅमेरे हजर होते, हे विंडरशच्या कीर्तीचे एक कारण मानता येईल. या प्रकरणात भरडले गेलेले बहुतेक लोक तर विंडरशवर नव्हतेच. ते १९५० आणि १९६० च्या दशकांत इतर जहाजांनी व विमानांनी आले. ‘विंडरश पिढी’ ही संज्ञा सैलपणे १९४८ ते १९७१ या काळात आलेल्या सर्वांना लावतात.

कायदेशीर स्थिती : हे लोक १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यामुळे आले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. जहाज जूनमध्ये लागले, कायद्याला राजसंमती ३० जुलैला मिळाली आणि अंमल १ जानेवारी १९४९ पासून सुरू झाला. टिलबरीला उतरलेले वसाहतींमधील लोक जुन्या व्यवस्थेनुसारच ब्रिटिश प्रजाजन होते. नव्या कायद्याने त्यांना ‘युनायटेड किंगडम व वसाहतींचे नागरिक’ हे नाव दिले, एवढेच. आई-वडिलांच्या मागून आलेली मुले पुष्कळदा पालकांच्या किंवा थोरल्या भावंडांच्या पासपोर्टवर आली. देशातल्या देशात जावे तसे ते येणे होते. वेगळा कागद घेण्याचे कारणच नव्हते.

पुढे माणसे जागीच राहिली आणि कायदा त्यांच्याभोवती बदलत गेला. जमैका व त्रिनिदाद १९६२ मध्ये, गयाना व बार्बाडोस १९६६ मध्ये स्वतंत्र झाले, तेव्हा लंडनच्या शाळेत शिकणारे मूल लंडन न सोडता दुसऱ्या देशाचे नागरिक झाले. १९६२ आणि १९६८ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्यांनी प्रवेशावर निर्बंध घातले. १९६८ चा कायदा केनियातील आशियाईंना रोखण्यासाठी तीन दिवसांत संमत झाला; आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले असावे, ही त्यातील अट वर्णाचा उल्लेख न करता वर्णच पाहणारी होती. तिचा फटका नैरोबीत पिढीभर राहिलेल्या, ब्रिटिश पासपोर्ट बाळगणाऱ्या गोवेकर कुटुंबांनाही बसला. १९७१ चा स्थलांतर कायदा १ जानेवारी १९७३ पासून अमलात आला. त्या दिवशी ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या राष्ट्रकुल नागरिकांचा वास्तव्याचा हक्क त्याने मान्य केला. परंतु त्याचा कोणताही दाखला दिला नाही, यादी केली नाही, आणि वाद उद्भवल्यास पुराव्याचा भार त्या व्यक्तीवर ठेवला. १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने नोंदणी करून नागरिक होण्याची सवलत १९८७ च्या अखेरपर्यंत दिली. नोंदणी न केल्यास हक्क कमी होणार नाहीत, असे तेव्हाच्या सरकारी माहितीपत्रकांतच म्हटले होते. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला.

पूर्वपीठिका : प्रजाजनत्व सिद्ध करण्याचा भार गौरेतरांवर टाकण्याची पद्धत याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर कार्डिफ, लिव्हरपूल इ. बंदरांत १९१९ मध्ये वांशिक दंगली झाल्या. त्यानंतर १९२५ मध्ये ‘कृष्णवर्णीय परकीय खलाशी’ यांच्याविषयीचा विशेष आदेश निघाला. ज्या गौरेतर खलाशाकडे ब्रिटिश प्रजाजन असल्याचा लेखी पुरावा नसेल त्याने पोलिसांकडे परकीय म्हणून नोंद करावी, असा त्याचा आशय होता. गोऱ्या खलाशाकडे असा पुरावा मागितला जात नसे. आदेशाच्या प्रेरणेबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मताने गोऱ्या खलाशांच्या संघटनेचा दबाव हे मुख्य कारण होते. दुसऱ्या मताने जहाज-कंपन्यांची स्वस्त मजुरीची गरज आणि सरकारी खात्यांची सोय यांचा वाटा मोठा होता. दुसरे मत दप्तरातील पुराव्यांशी अधिक जुळते. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडचे सारंग, तांडेल व खलाशी असत आणि भोजनगृहात गोवेकर. गोवा पोर्तुगीज अमलाखाली असल्याने गोवेकर कायद्यानेही परकीय होते. रत्नागिरीचा खलाशी मात्र ब्रिटिश प्रजाजन असूनही कागद नसेल तर त्याच रांगेत उभा राही. हा आदेश १९४२ मध्ये रद्द झाला.

पोलिसी संशयाची परंपरा स्वतंत्रपणे वाढली. विंडरशवरून उतरून निवारा नसलेल्या दोनशेहून अधिक जणांना लंडनमधील क्लॅपम साउथ येथील भुयारी आश्रयस्थानात ठेवले होते आणि जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनमध्ये होते. त्या वस्तीची सुरुवात अशी झाली. त्याच ब्रिक्स्टनमध्ये १९७० च्या दशकात पोलीस १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याचे चौथे कलम वापरत. ‘संशयित व्यक्ती’ गुन्ह्याच्या हेतूने रेंगाळत होती, एवढी दोन पोलिसांची साक्ष पुरे. फिर्यादी लागत नसे. एप्रिल १९८१ मध्ये ‘स्वॉम्प ८१’ या मोहिमेत साध्या वेशातील पोलिसांनी काही दिवसांत ९४३ जणांना अडवले आणि ११८ जणांना अटक केली. मोहीम चालू असतानाच तेथे दंगल उसळली. कलमातील ही ‘संशयित व्यक्ती’ची तरतूद त्याच वर्षी गेली. रस्त्यात थांबवून झडती घेणे राहिले. इंग्लंड व वेल्समधील अधिकृत आकडेवारीनुसार २०१७-१८ मध्ये दर हजारी गोऱ्यांमागे ३, तर कृष्णवर्णीयांमागे २९ झडत्या झाल्या. झडतीतून खटला, आणि ब्रिटिश नागरिकत्व नसलेल्याला वर्षभराची शिक्षा झाली तर २००७ च्या कायद्यानुसार बहुधा आपोआप हद्दपारी, अशी ही साखळी आहे. पोलीस आणि स्थलांतर या दोन वेगळ्या यंत्रणांचे काम येथे एकाच माणसावर येऊन पडते.

प्रतिकूल वातावरण : थेरेसा मे यांनी गृहमंत्री असताना मे २०१२ मध्ये एका मुलाखतीत बेकायदा स्थलांतरितांसाठी ‘प्रतिकूल वातावरण’ निर्माण करण्याचे उद्दिष्ट सांगितले आणि ही संज्ञा त्यांच्या नावावर जमा झाली. ती त्यांची नव्हे. मजूर पक्षाचे स्थलांतर राज्यमंत्री लायम बर्न यांनी २००७ मध्ये जवळपास हेच शब्द वापरले होते. मालकाने कामगाराचे कागद तपासावेत ही सक्ती तर त्याआधीच्या हुजूर पक्षीय सरकारच्या १९९६ च्या कायद्यातली. धोरणाचे पितृत्व दोन्ही पक्ष एकमेकांवर ढकलतात; ते दोघांचेही आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. मात्र २०१४ आणि २०१६ च्या स्थलांतर कायद्यांनी तपासणीची व्याप्ती बदलली. घरमालक, बँक, वाहन-परवाना कार्यालय आणि रुग्णालय हे सर्व सीमेवरचे पहारेकरी झाले. बेकायदा भाडेकरू ठेवणाऱ्या घरमालकाला ३,००० पौंडांपर्यंत दंड होता. तज्ज्ञ नसलेला घरमालक दंड टाळायचा तर नाव, उच्चार व रंग पाहून सोपा भाडेकरू निवडतो. भाडे-तपासणीमुळे असा भेदभाव घडतो, हे अपील न्यायालयानेही २०२० मध्ये मान्य केले, पण योजना समर्थनीय ठरवून कायम ठेवली. त्याआधी २०१३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या सहा विभागांत ‘घरी जा, नाहीतर अटक होईल’ अशा अर्थाचे फलक लावलेल्या गाड्या फिरल्या. गृहखात्याच्या मूल्यमापनानुसार त्या गाड्यांमुळे ११ जण देश सोडून गेले.

विंडरश पिढीतील माणूस या जाळ्यात सापडे तो साध्या निमित्ताने : नोकरी बदलताना, वाहन-परवान्याचे नूतनीकरण करताना, आईच्या अंत्यविधीला जमैकाला जाण्यासाठी पासपोर्ट मागताना. गृहखाते वास्तव्याच्या प्रत्येक वर्षासाठी किमान एक अधिकृत कागद मागे. म्हणजे पन्नास वर्षांसाठी पन्नास. लोक पिशव्या भरून शाळेचे दाखले, पगारपत्रके, दवाखान्याची कार्डे आणीत. मधले एखादे वर्ष रिकामे निघाले की अर्ज अडे. बंद पडलेल्या शाळेचे दप्तर कुठे मिळणार? जात पडताळणीसाठी आजोबांचा १९६७ पूर्वीचा पुरावा शोधत गावोगाव फिरलेल्या मराठी वाचकाला ही पिशवी ओळखीची वाटेल. फरक एवढा की तेथे पणाला राहता देश लागला होता.

याच सुमारास लंडनच्या क्रॉयडन भागातील सरकारी इमारतीच्या तळघरातील जुनी लँडिंग कार्डे, म्हणजे उतारूंच्या आगमनाची नोंदपत्रे, नष्ट केल्याचे उघड झाले. ती ऑक्टोबर २०१० मध्ये, हुजूर-लिबरल आघाडीच्या कारकिर्दीत गेली. जुनी कागदी दप्तरे काढून टाकण्यास मान्यता जून २००९ मध्ये, मजूर सरकारच्या काळात मिळाली होती. संसदेत यावर बरीच खडाजंगी झाली. कार्डांवर फक्त आगमनाची तारीख होती, पुढच्या वास्तव्याचा पुरावा त्यातून मिळाला नसता, असे गृहखात्याचे म्हणणे. अशा चौकशीत तीच कार्डे पाहिली जात, असे खात्यातील माजी कर्मचाऱ्यांनी सांगितले. १ जानेवारी १९७३ पूर्वीचे आगमन हाच कळीचा मुद्दा असताना आगमनाची तारीख निरुपयोगी होती, हा युक्तिवाद पटणे कठीण आहे.

परिणाम : १७ एप्रिल २०१८ रोजी पंतप्रधान मे यांनी लंडनमध्ये कॅरिबियन देशांच्या नेत्यांची माफी मागितली; २९ एप्रिलला गृहमंत्री अंबर रड यांनी राजीनामा दिला, तो मात्र परत पाठवणीच्या उद्दिष्टांबाबत संसदीय समितीला चुकीची माहिती दिल्याबद्दल. कॅरिबियन व्यक्तींच्या सुमारे ११,८०० प्रकरणांच्या सरकारी छाननीत १६४ जणांना स्थानबद्ध केल्याचे किंवा देशाबाहेर काढल्याचे आढळले. बाहेर काढलेले त्यांपैकी ८३. या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या वेंडी विल्यम्स यांच्या मार्च २०२० च्या अहवालाने गृहखात्यावर वंशाच्या प्रश्नाबाबत संस्थात्मक अज्ञान व बेफिकिरीचा ठपका ठेवला आणि ३० शिफारशी केल्या. ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ हे शब्द अहवालाने थेट वापरले नाहीत. त्या व्याख्येतील काही घटकांशी वर्तन जुळते, एवढेच म्हटले. तीन शिफारशी २०२३ मध्ये सोडून देण्यात आल्या. त्यांपैकी दोन सोडणे बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला.

भरपाई योजना एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यातही प्रथम कागदच मागितले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेच्या गृहविषयक समितीने भरपाई न मिळताच २३ जण मरण पावल्याचे नमूद करून योजना गृहखात्याकडून काढून घेण्याची शिफारस केली. ती मान्य झाली नाही.

हे सारे प्रशासकीय अनवधान होते की कायद्यांचा अपेक्षित परिणाम, यावर लेखन विपुल आहे. गृहखात्यानेच एका इतिहासकाराकडून लिहवून घेतलेला व अनेक वर्षे दडवलेला निबंध सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते १९८१ मधील प्रत्येक स्थलांतर व नागरिकत्व कायद्याचा निदान अंशतः हेतू गौरेतरांची संख्या कमी ठेवण्याचा होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. अनवधानाचा पक्ष त्यानंतर बराच दुबळा झाला.

कॅरिबियनेतरांविषयीची माहिती तुलनेने तुटपुंजी आहे. १९७१ पूर्वी आलेले व ब्रिटिश नागरिकत्व नसलेले राष्ट्रकुल-जन्मे सुमारे ५७,००० असावेत, असा ऑक्सफर्डच्या मायग्रेशन ऑब्झर्वेटरीचा २०१८ चा अंदाज आहे; त्यांत सुमारे १५,००० जमैकाचे आणि १३,००० भारतात जन्मलेले. सरकारी छाननी मात्र कॅरिबियन व्यक्तींच्या प्रकरणांपुरतीच झाली.

साधने : समुद्रमार्गे आलेल्यांच्या उतारू-याद्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून त्या १९६० पर्यंतच्या आहेत. विंडरशवरच्या उतारूचे नाव, वय व धंदा आजही त्यांत सापडतो. १९६० नंतर विमानाने, पालकांच्या पासपोर्टवर आलेल्या मुलाचे नाव या याद्यांत नाही.